देवगडच्या एका आईला उत्तर: मेंदूला मार लागल्यानंतरची अकरावी आणि पुढची नोकरी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तुमचीच हकीकत थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर कळवता येईल. गेल्या वर्षी मे महिन्यात, चुलतभावाच्या हळदीहून परत येताना तुमचा मुलगा दुचाकीवर मागे बसला होता. हेल्मेट नव्हतं. वय पंधरा वर्षं आठ महिने. दहावीचा निकाल तो आयसीयूत असताना लागला, ८४ टक्के. ऑपरेशन लागलं नाही. चौथ्या आठवड्यात घरी आला, नंतर अकरावी सायन्सला बसला. चालतो, बोलतो, नवा स्कॅन 'नॉर्मल' आहे. पण सहामाहीत दोन विषय गेले, वार्षिकला चार. कॉलेजातून आला की झोपतो, संध्याकाळी लहान बहिणीवर ओरडतो. सर म्हणतात आळशी झालाय. काका म्हणतात विरारला पाठवा, डिप्लोमा करील, मग आमच्या कंपनीत चिकटवतो. आणि तुम्ही विचारताय, शिक्षण रेटायचं की सोडायचं, आणि हा पुढे स्वतःचं पोट भरील का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर माणसाला रोजची कामं, शाळा, नोकरी पुन्हा जमवून देणारी. बावीस वर्षांतली पहिली सहा मुंबईत गेली, बाकीची सिंधुदुर्गात. 'माझो झील आधीचो ऱ्हवलो नाय' (माझा मुलगा आधीचा राहिला नाही) हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यानंतर मी फक्त एकच विचारते: दिवसात नेमका कधी राहत नाही? तेच तुम्हालाही विचारणार आहे, पण ते पुढे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पोट बहुधा भरील. ते मार्कांवर कमी आणि त्याचा दिवस किती बांधलेला आहे, शेजारी कोण उभं आहे, यावर जास्त ठरेल. विरारला आत्ता पाठवू नका.

तुम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. त्यावर दाखल होतानाची नोंद आहे 'ई२ व्ही२ एम५'. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना दिलेले हे गुण. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजपट्टी बसवली. एकूण ३ ते १५. तुमच्या मुलाचे होतात ९, म्हणजे कागदावर 'मध्यम' मार. त्यामुळेच सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी कार्डावर नाही: 'त्याला हॉस्पिटल आठवतच नाही, पत्र्यावर पहिला पाऊस वाजला तिथपासूनचं आठवतं.' अपघात मेच्या पहिल्या आठवड्यातला आणि पाऊस जूनमधला. मधल्या काळात तो तुमच्याशी बोलत होता, पेज जेवत होता, पण मेंदू दिवसाला दिवस जोडून ठेवत नव्हता. हा विस्मृतीचा काळ सात दिवसांच्या पुढे गेला की आम्ही मार गंभीर धरतो, आणि पुढे शाळा-नोकरीचं काय होईल याचा अंदाज बांधायला पहिल्या दिवसाच्या गुणांपेक्षा हा काळ जास्त कामाचा असतो. तुमच्याकडे तीन आठवड्यांहून जास्त निघतो. घाबरवायला सांगत नाही. 'मध्यम मार होता, आता बरा झालाय, तरी अभ्यास करत नाही' या हिशेबातली पहिलीच रक्कम चुकली आहे, एवढं दाखवायला सांगते.

आणि स्कॅन. धक्क्याने मेंदूतले बारीक धागे ताणले जातात, तुटतात. साध्या सीटी स्कॅनला ते बहुतेक वेळा दिसत नाहीत. सीटीचं काम रक्तस्राव आणि सूज बघणं. दोन्ही ओसरली म्हणून 'नॉर्मल'. त्या शब्दाने घराघरांत किती भांडणं लावली आहेत म्हणून सांगू.

आता अकरावीत हे का उघडं पडलं ते बघू, कारण पालकांना सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट हीच. मार लागण्याआधी शिकलेलं बहुतेक टिकतं. पाढे, व्याकरण, नववीचा भूगोल सगळं जागेवर असतं. म्हणून घरी बसून जुनं विचारलं तर मुलगा पटापट सांगतो. अडतं ते नवीन साठवायला, वेगाने समजून घ्यायला आणि स्वतःहून सुरुवात करायला. दहावीपर्यंत शाळा त्याला हाताला धरून चालवत होती. तेच सर, तोच वर्ग, वहीवर सही, न केलेल्या अभ्यासाची आईकडे चिठ्ठी. अकरावीत हे सगळं एका जूनमध्ये सुटतं. वर्गात शंभर मुलं, इंग्रजीतून फिजिक्स, प्रॅक्टिकल एकीकडे, क्लास दुसरीकडे, एसटीची वेळ तिसरी. धडधाकट मुलंही तिथे हेलपाटतात. आणि आपल्याकडे त्यात भर असते: कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिला, ही बातमी दरवर्षी पेपरात येते आणि आपण ती छाती फुगवून वाचतो. ज्याच्या घरी असं मूल असतं त्याला त्याच पानाचा चटका बसतो.

शिवाय वय. नियोजन, संयम, चूक ओळखून मागे वळणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटून चार-पाच वर्षं होईपर्यंत तयार होत असतो. पंधराव्या वर्षी तिथे मार लागला, तर तो भाग तोवर फारसा लागतच नसल्यामुळे नुकसान लगेच जाणवत नाही. मित्र सतरा-अठराचे होऊन स्वतःचं स्वतः ठरवायला लागतात तेव्हा अंतर दिसतं. म्हणून दुसरं-तिसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट वाटू शकतं. मार वाढलेला नसतो, मागणी वाढलेली असते. (मात्र खरोखरच दर महिन्याला घसरण होत असेल, चालणं बिघडत असेल, डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, तर ते वेगळं. ताबडतोब न्यूरोसर्जनकडे जा.)

स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ या काळात जन्मलेल्या अकरा लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी तपासून २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला. पंचविशीच्या आत डोक्याला मार लागलेल्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या, मार न लागलेल्या भावंडांशी केली, म्हणजे घरची गरिबी, आईबापांचं शिक्षण हे मुद्दे बाजूला पडतात. तरीही मार लागलेल्यांचं शिक्षण अर्धवट राहण्याची, काम न झेपल्याने सरकारी निवृत्तिवेतनावर जाण्याची, मानसिक आजाराने दाखल होण्याची शक्यता जास्त निघाली. मार जितका गंभीर, जितक्या वेळा, आणि वय जितकं मोठं, तितकी जास्त. लहानपणीचा मार वाईट आणि मोठेपणीचा बरा, असं आपण धरून चालतो. शिक्षण-नोकरीच्या बाबतीत पौगंडावस्थेतला मार तितकाच, कधी जास्त नडतो, कारण भरून काढायला वेळच उरलेला नसतो. बोर्डाची परीक्षा दारात उभी असते. पण शक्यता वाढते म्हणजे प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही. त्या नोंदींत व्यवस्थित शिकून कामाला लागलेलेही पुष्कळ आहेत. आपल्याला त्यांच्यात जायचंय.

कॉलेजचं ठरवण्याआधी तीन तपासण्या करून घ्या. पहिली रक्ताची. कवटीच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते, धक्क्याने ती कधीकधी मंदावते, आणि मग थायरॉइड, कॉर्टिसोल, वाढीची संप्रेरकं कमी पडतात. मुलगा दिवसभर गळून जातो, सगळे म्हणतात आळस. गोळीने सुधारणारा आळस मी दोन पोरांत पाहिलाय. दुसरी, फिटच्या गोळ्यांची. कार्डावर गोळी लिहिलेली आहे, ती किती दिवस आणि कोणती, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा, कारण काही गोळ्यांनी सुस्ती येते आणि लक्ष उडतं. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करायची नाही. तिसरी, न्यूरोसायकॉलॉजीची सविस्तर चाचणी, म्हणजे लक्ष, स्मरण, वेग, नियोजन यांची. नुसता बुद्ध्यंक काढून आणू नका.

हे मी कळकळीने सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा, बारावीच्या आधी झाडावरून पडलेला. बुद्ध्यंक उत्तम आला. बारावी झाली, मार्क चांगले, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. वडिलांनी विचारलं, पाठवू का? मी अहवाल बघून म्हटलं, पाठवा. पाच महिन्यांत परत आला. अभ्यास झेपला नाही असं नव्हतंच. सकाळी कोणी उठवत नव्हतं, मेसची वेळ चुकायची, सबमिशनची तारीख गेल्यावर आठवायची, खोलीतल्या मुलांनी दोनदा चेष्टा केली आणि तिसऱ्यांदा याने लॅपटॉप भिंतीवर मारला. चाचणीच्या खोलीत मी समोर बसून एक-एक प्रश्न देत होते, म्हणजे त्याच्या मेंदूचा पुढचा भाग त्या दोन तासांपुरता मीच होते. हॉस्टेलवर तो भाग नव्हता. तेव्हापासून मी मुलाची परीक्षा टेबलावर घेत नाही, घरात घेते. 'चार पाहुण्यांचा चहा कर, साखर संपली आहे, दुकानातून आण' एवढंच सांगते आणि गप्प बसते.

तुमच्या पत्रातली आणखी एक ओळ मी अधोरेखित केली आहे. 'आंब्याची आढी उघडली तरी त्याला वास येत नाही म्हणतो, सर्दी असेल.' सर्दी नसावी. नाकाच्या वर कवटीला बारीक भोकं असतात, त्यांतून वासाचे तंतू मेंदूत जातात. डोकं आपटलं की ते तुटू शकतात. त्याच जागेच्या वर डोळ्यांमागचा तो भाग असतो जो रागावर, अविचारावर, समोरच्याचा चेहरा वाचण्यावर लगाम ठेवतो. वास पूर्ण गेलेल्यांना नोकरी टिकवणं जड जातं, हे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसत आलंय. बुद्धी शाबूत, हातपाय शाबूत, तरी माणूस पुन्हा पुन्हा कामावरून निघतो. म्हणून वासाची तपासणी कान-नाक-घसावाल्यांकडे करून घ्या, आणि संध्याकाळच्या ओरडण्याकडे 'बिघडला' म्हणून बघू नका.

ओरडण्याचंच आधी बोलू. आठवडाभर एका वहीत फक्त वेळ लिहा: कधी चिडला, त्याआधी दोन तास काय केलं, दुपारी झोपला का. माझा अंदाज, ऐंशी टक्के भांडणं सहानंतरची निघतील, आणि ज्या दिवशी कॉलेज पूर्ण झालं त्या दिवशीची. हा थकवा शेतातून आल्यासारखा नसतो, मेंदू अक्षरशः विझतो. चाळीस मिनिटं काम, मग वीस मिनिटं डोळे मिटून पडणं, अंधारात, मोबाइलशिवाय. मोबाइल म्हणजे विश्रांती हा गैरसमज सगळ्या जगाचाच आहे, पण याला तो परवडणारा नाही. बहिणीला समजावून सांगा, ती दहा वर्षांची असली तरी तिला कळेल. गणपतीत आणि शिमग्यात घर चाकरमान्यांनी भरतं, ढोल, रात्रीची भजनं, जागरण. त्यानंतरचा आठवडा वाईट जाणार हे गृहीत धरा, त्यात परीक्षा आली तर कॉलेजात आधीच बोलून ठेवा.

आळस की अडचण, हे ओळखायची एक साधी रीत आहे. त्याच्याजवळ बसा, वही उघडून द्या, पहिलं गणित मोठ्याने वाचा, पेन हातात द्या. मग तो पुढची चार गणितं सोडवत असेल, तर तो आळशी नाही. त्याचा स्टार्टर गेलाय, इंजिन ठीक आहे. रिक्षावाल्या नवऱ्याला हे असंच सांगा, लगेच पटेल. आणि 'मला काही झालेलं नाही' असं तो म्हणत असेल तर वाद घालू नका. स्वतःची उणीव न दिसणं हा त्या माराचाच भाग आहे. त्याऐवजी त्यालाच आधी लिहायला लावा, 'अर्ध्या तासात किती होतील?' तो लिहील दहा. झाली चार. काही बोलायचं नाही, आकडा समोर राहू द्यायचा. तीन-चार आठवड्यांत तो स्वतःच पाच लिहायला लागतो. ज्या दिवशी पाच लिहितो तो दिवस माझ्या दृष्टीने अकरावी पास होण्याहून मोठा.

आता शिक्षण. सायन्स सोडायला माझी हरकत नाही, पण 'जमत नाही म्हणून आर्ट्स' असं त्याच्या तोंडावर म्हणू नका. एक वर्ष थांबवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच कोणी करत नाही. याच वर्गात पुन्हा बसणं लाजेचं वाटत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) मार्ग बघा. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि विषय एक-एक, दोन-दोन करून सोडवता येतात. नवीन साठवायला वेळ लागणाऱ्या मेंदूला याहून सोयीची रचना नाही. राज्य मंडळात १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण तिथे सगळं स्वतःच्या बळावर, म्हणून तो दुसरा पर्याय. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते, घर न सोडता.

कॉलेजातच ठेवायचा असेल तर प्राचार्यांना भेटा, एका पानाचं पत्र मी देते. त्यात मी नेहमी चार-पाचच गोष्टी मागते. बसायला पुढे, खिडकीपासून लांब. फळ्यावरचं उतरवायचं नाही, फोटो घ्यायचा, कारण ऐकणं आणि लिहिणं एकदम जमत नाही. एका वेळी एकच सूचना, ती लिहून. चाचणी दोन बैठकांत. आणि एक शिक्षक असा की ज्याच्याकडे तो रोज पाच मिनिटं जाईल. हा शेवटचा सापडला तर बाकीच्या चारांची अर्धी गरज संपते.

बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे, साधारण तासाला वीस मिनिटं. त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवंच असं बरेच जण सांगतात, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केलं की लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही. अडवलं तर हे नाव सांगा. मात्र जादा वेळ घेण्याआधी विचार करा. तीन तासांच्या पेपरला तास वाढला की चार तास. दीड तासात विझणाऱ्या मुलाला तो तास काय कामाचा? त्याच्यासाठी मध्ये विश्रांती मागावी, आणि सगळे पेपर एकाच फेरीत देण्याचा हट्ट सोडावा.

अपंगत्वाच्या कायद्यात, म्हणजे २०१६ च्या, एकवीस प्रकार आहेत. 'मेंदूला झालेली इजा' असा प्रकार त्यात नावाने नाही. अमेरिकेने १९९० मध्येच शाळेसाठी हा वेगळा प्रकार केला, आपल्याकडे अजून परिणामावरून मोजतात: चालणं, वाचा, शिकण्याची अडचण, मानसिक आजार. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळासमोर चालत-बोलत जाणाऱ्या मुलाला 'काही नाही' म्हणून परत पाठवण्याचा धोका असतो. न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल हातात असल्याशिवाय जाऊ नका. चाळीस टक्के मिळाले तर उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के राखीव जागांचा दरवाजा उघडतो, हे खरं. पण गावातले काही जण मुलीच्या बाबतीत हा कागदच नको म्हणतात, लग्नात आडवा येईल म्हणून. सहा आसनी उलटून मार लागलेल्या एका मुलीची शाळा अशीच गुपचूप बंद झाली होती, 'घरातलं शिकू दे' म्हणून. घरातलं म्हणजे गॅस, विळी, पाणी तापवणं, तान्ही भाचरं. मेंदूला मार लागलेल्या माणसाला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायला लावणारं याहून अवघड काम शोधून सापडायचं नाही.

अपघाताच्या भरपाईचा दावा केलाय का, ते पत्रात नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, पण ती उलटली असं घरीच ठरवून बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तुम्ही स्त्री म्हणून अर्ज केलात तरी वकील मोफत मिळतो. आणि विद्यार्थ्याची कमाई शून्य, म्हणून भरपाई किरकोळ, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी कुशल कामगाराचं किमान वेतन धरून हिशेब केला होता.

आता नोकरी, म्हणजे तुमची खरी काळजी. फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाचं नाव आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या तासाला येतं. १८४८ मध्ये सुरुंगाची पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, स्वभाव बदलला, रेल्वेने परत घेतलं नाही. गोष्ट तिथे संपवतात. त्याने पुढे चिलीत जाऊन सुमारे सात वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, हे फार थोडे सांगतात. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, तेच घोडे, रोजचा क्रम. मी नोकरी शोधताना पगार किंवा प्रतिष्ठा बघत नाही, हेच चार मुद्दे बघते.

या नजरेने आपला किनारा बघा. ट्रॉलरवर नको. गंभीर मारानंतर तीस वर्षांत साधारण सहा जणांत एकाला फिट येते, असं अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या नोंदींत दिसलं होतं, आणि रात्री दोरखंडाजवळ ती आली तर वाचवायला कोणी नसतं. माडावर, आंब्याच्या शेंड्यावर नको. आयटीआयला इलेक्ट्रिशियन नको, खांबावर चढणं आलं. जेटीवरचा लिलाव नको, तिथे बोली ऐकून क्षणात हिशेब करावा लागतो. पण जाळी शिवणं? उत्तम. एका जागी, जुन्या जाणत्यांच्या शेजारी. काजूच्या कारखान्यात गर निवडणं चांगलं: डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा आकाराच्या ठरलेल्या प्रती, नियम रोज तोच, नमुना समोर ठेवता येतो. आयटीआयचा संगणक चालकाचा एक वर्षाचा कोर्स चालेल. झेरॉक्स आणि दाखल्यांच्या दुकानात मात्र जपून, दहावीच्या निकालाच्या दिवशी तिथे जी गर्दी उसळते त्यात माझ्याकडे येणारी दोन मुलं कामावर टिकली नाहीत. मेडिकल स्टोअर नको, सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आणि मध्येच वाजणारा फोन.

ती सहा आसनीतली मुलगी आज काजूच्या युनिटमध्ये सहावं वर्ष करते आहे. पहिले तीन आठवडे माझी सहायक तिच्या बाजूला उभी होती, मग एक दिवसाआड, मग फोनवर. आधी प्रशिक्षण देऊन मग कामाला पाठवण्यापेक्षा, आधी कामावर घालून तिथेच शिकवणं अशा माणसांना जास्त लागू पडतं. अमेरिकेत व्हर्जिनियात पॉल वेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच हे करून दाखवलं. कारण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. तिला चौथ्या वर्षी बढती देऊन बायकांवर देखरेख दिली, महिन्यात घोटाळा. पुन्हा निवडीवर आणलं, ठीक. मालक बदलला तेव्हा मला परत दोन आठवडे जावं लागलं. हे तुमच्याही बाबतीत होईल: काम येत असतं, पण मुकादम बदलला की नोकरी जाते. नव्या मालकाला दोन वाक्यं पुरतात. 'अपघातात डोक्याला मार लागला होता, काम नीट करतो. सूचना एका वेळी एक द्या आणि दुपारी वीस मिनिटं पडू द्या.' आजाराचा इतिहास सांगत बसू नका. शिकाऊ म्हणून फुकट राबवणं दोन महिन्यांच्या वर चालू देऊ नका.

कोकणातली अडचण ही की कामं हंगामी. चार महिने बसला की बांधलेली सवय सुटते. म्हणून पावसाळ्यात दुसरं काही हवंच, मग ते दोन तासांचं का असेना. पत्रात लिहिलंत की तो डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) पखवाज वाजवायचा. वाजवतो का अजून? हातात बसलेली गोष्ट मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, बऱ्याचदा टिकते. बुवांना सांगा, पूर्ण बारी नको, एक-दोन गजर.

विरारचं म्हणाल तर काकांचा हेतू चांगला आहे. पण तिथे जी खोली मिळेल तिथे सहा मुलं, पहाटेची लोकल, स्टेशनावर बदलणारे फलाट, रविवारची बाटली. दारू याला एक घोटही नको, फिट आणि राग दोन्हींसाठी. आधी घरचं काम, मग कणकवली किंवा कुडाळला एसटीने जाऊन-येऊन, ते वर्षभर टिकलं तर मुंबईचं बोलू. बाइकचं लायसन्स अठराव्या वर्षी मागेलच. अर्जात फिट येते का हा प्रश्न असतो, त्याचं खरं उत्तर न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच लिहायचं, आणि हेल्मेट मागे बसतानाही.

सध्या तुमच्या बागेत हंगाम सुरू आहे, तेवढा वापरून घ्या. सकाळी साडेसात ते दहा त्याला पेट्या भरायला बसवा. एकच आकाराची निवड द्या, नमुन्याचे तीन आंबे समोर ठेवा, पेंढ्याचा थर किती ते खडूने पेटीवर लिहा. बाबांनी पहिले दोन दिवस शेजारी बसायचं, तिसऱ्या दिवसापासून दहा पावलं लांब. रोज किती पेट्या झाल्या, किती परत लावाव्या लागल्या, किती वाजता हात मंदावला, हे वहीत लिहा. आढी बघायचं कामही द्या, पण वासावर नाही: रंग आणि देठाजवळची मऊ जागा बोटाने बघून. मेअखेर ती वही आणि दहावीचं गुणपत्रक घेऊन या. मुलालाही आणा, आणि वेळ सकाळचीच घ्या. तोवर घरचा गॅस त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका, गळती झाली तर त्याला कळणार नाही.